न झालेल्या गोलांचा हिशेब

२०१० सालच्या एप्रिल महिन्यात बर्फावरील हॉकीच्या अमेरिकी आणि कॅनेडियन रसिकांमध्ये जो वाद उपस्थित झाला, त्यातील वादी आणि प्रतिवादी यांपैकी कोणीही अद्याप आपली फिर्याद मागे घेतलेली नाही. वादाचे मूळ तसे साधे होते. वॉशिंग्टन कॅपिटल्स हा त्या वर्षीचा सर्वश्रेष्ठ गणला गेलेला संघ. ८२ सामन्यांच्या साखळीत १२१ गुण आणि तीनशेहून अधिक गोल अशी त्याची दौलत होती, आणि अलेक्झांडर ओवेच्किन हा धिप्पाड रशियन आघाडीवीर त्याचा नायक होता. पहिल्याच बाद फेरीत त्याच्यापुढे येऊन उभा राहिलेला मॉन्ट्रियल कॅनेडियन्स हा संघ ८८ गुणांनिशी पूर्व विभागातून आठवा, म्हणजे पात्र ठरलेल्यांत अगदी शेवटचा. मालिका सातव्या सामन्यापर्यंत गेली. तीत वॉशिंग्टनने एकंदर २२ गोल केले आणि मॉन्ट्रियलने २०. आणि मालिका मॉन्ट्रियलने जिंकली.

हा विजय कोणाच्या खाती जमा धरावयाचा, गोलरक्षकाच्या, बचावफळीच्या, प्रशिक्षकाच्या मसलतीच्या की निव्वळ दैवाच्या, यावर रसिकांनी जितका घसा कोरडा केला, त्याच्या दशांशानेही विजेत्यांच्या २० गोलांची चर्चा झाली नसेल. याचे कारण खेळाच्या स्वरूपातच आहे. गोल होतो तेव्हा त्याला वीस हजार साक्षीदार असतात, करणाऱ्याचे नाव ध्वनिक्षेपकावरून पुकारले जाते, त्याला पक म्हणजे चकती पुरविणाऱ्या दोघांचीही नोंद सरकारी दप्तरात व्हावी तशी विधिपूर्वक होते. परंतु जो गोल होऊ घातला होता आणि झाला नाही, त्याची जबानी देण्यास पुढे येणार कोण? बचावाच्या गुणदोषांची चर्चा ही म्हणूनच हॉकीच्या रसिकांत सर्वांत तीव्र, सर्वांत दीर्घ आणि बहुधा सर्वांत निष्फळ अशी चर्चा असते, आणि मला तरी ती गोलांच्या वर्णनापेक्षा अधिक वाचनीय वाटत आली आहे.

येथे ज्या खेळाविषयी बोलत आहोत तो ध्यानचंदांचा अथवा खडकीच्या धनराज पिल्ले यांचा मैदानी खेळ नव्हे. २०० फूट लांब आणि ८५ फूट रुंद असे बर्फाचे रिंगण, त्याभोवती कठडा आणि त्यावर पारदर्शक भिंत, ३ इंच व्यासाची आणि १ इंच जाडीची कठीण रबराची चकती, जिला पक म्हणतात, आणि प्रत्येक बाजूस गोलरक्षक धरून सहा खेळाडू, एवढे या खेळाचे साहित्य. गोलाची चौकट अवघी ६ फूट रुंद व ४ फूट उंच. तिच्यापुढे जाडजूड गाद्या, हातमोजे आणि रुंद काठी घेतलेला गोलरक्षक उभा राहिला की पकास जावयास उरणारी जागा चार कोपरे आणि पायांमधील फट एवढीच. खेळाडू पोलादी पात्यांच्या बुटांवरून घसरत धावतात, आणि हा धावण्याचा वेग इतका असतो की पाऊण मिनिटात छाती भरून येते. म्हणून खेळ न थांबविताच एक तुकडी कठड्यावरून बाहेर उडी मारते आणि दुसरी आत येते, हे चक्र २० मिनिटांच्या तीनही सत्रांत अखंड चालू राहते.

रिंगणावर दोन आडव्या निळ्या रेषा आखलेल्या असतात आणि त्यांच्या योगाने तीन इलाखे पडतात. दोन्ही टोकांचा प्रत्येकी एक, आणि मधला ५० फुटांचा पट्टा. नियम असा की, पक निळी रेषा ओलांडून आत गेल्यावाचून आक्रमक संघाच्या कोणीही प्रतिपक्षाच्या इलाख्यात प्रवेश करू नये. बचावाचे सारे शास्त्र या एका कलमाचा फायदा घेण्यातून निर्माण झाले आहे. चढाई करणाऱ्याला निळ्या रेषेवर क्षणभर जरी अडवता आले, तरी त्याचे पुढे धावलेले सहकारी नियमबाह्य ठरतात आणि शिटी वाजते. अडवता आले नाही, तरी त्याला मधल्या मोक्याच्या वाटेवरून कठड्याच्या बाजूस रेटता आले तर जो फटका बसेल तो चिंचोळ्या कोनातून बसेल, आणि चिंचोळ्या कोनातील फटक्याला गोलरक्षक सहसा भीत नाही.

त्या वर्षीच्या मॉन्ट्रियलच्या बचावफळीत हॅल गिल नावाचा ६ फूट ७ इंच उंचीचा एक खेळाडू होता. त्याच्या मंदगतीची चेष्टा त्याच्याच संघाचे रसिक वर्षभर करीत आले होते. परंतु त्याचा खेळ थोडा जवळून पाहिला म्हणजे बचावपटूचे काम कसे असते ते कळते. समोरून ओवेच्किन वेगाने चालून येत आहे. गिल त्याच्याकडे तोंड करून उलट्या पावली मागे सरकत आहे, आणि दोघांमधील अंतर एका काठीच्या लांबीपेक्षा जास्त वाढू देत नाही. त्याची दृष्टी पकावर नसते, चढाई करणाऱ्याच्या छातीवर असते, कारण पक हुलकावणी देतो, धड देत नाही. त्याची लांबलचक काठी बर्फावर सपाट टेकलेली असते आणि ती नेमकी त्या रेषेत धरलेली असते जिच्यातून मधल्या सहकाऱ्याकडे पास जावयाचा. म्हणजे आडवा पास बंद झाला. शरीर मात्र आतल्या बाजूस राखलेले असते. म्हणजे मधली वाटही बंद झाली. उरली ती कठड्याकडची वाट, आणि ती त्याने मुद्दाम मोकळी ठेवलेली असते. ओवेच्किन तिकडे वळतो, कोपऱ्याजवळून फटका मारतो, गोलरक्षक तो गादीवर घेतो, आणि गिल गोलापुढे घोटाळणाऱ्या दुसऱ्या आक्रमकाची काठी आपल्या काठीने उचलून धरतो, जेणेकरून परतून आलेल्या पकावर त्याला पुन्हा फटका मारता येऊ नये. प्रेक्षकांच्या लेखी या दहा सेकंदांत एक फटका झाला आणि गोलरक्षकाने तो अडविला, एवढेच घडले.

साखळीतील सहा महिन्यांपेक्षा बाद फेरीतील आठ आठवडे रसिकांना अधिक प्रिय का, हेही यातूनच उलगडते. नॅशनल हॉकी लीगच्या बाद फेरीत १६ संघ येतात, प्रत्येक मालिका चार विजयांची असते, आणि लॉर्ड स्टॅन्ली या कॅनडाच्या गव्हर्नर जनरलने देणगी दिलेला, १८९३ पासून चालत आलेला चषक हस्तगत करण्यासाठी अशा चार मालिका, म्हणजे १६ सामने जिंकावे लागतात. साखळीत आज एक प्रतिस्पर्धी तर परवा दुसरा. बाद फेरीत मात्र तोच प्रतिस्पर्धी एक दिवसाआड पुनःपुन्हा समोर येतो, त्याच्या सवयींचा अभ्यास करण्यास सवड मिळते, आणि तिसऱ्या-चौथ्या सामन्यापासून प्रत्येक पक्ष दुसऱ्याच्या घरातल्या वाटा अंधारातही ओळखू लागतो. त्यात बरोबरी सुटण्याचा उपाय एकच, पहिला गोल होईपर्यंत २०-२० मिनिटांची जादा सत्रे खेळत राहणे. १९३६ साली डेट्रॉइट आणि मॉन्ट्रियल मरून्स यांच्यातील सामना अशा रीतीने सहाव्या जादा सत्रापर्यंत लांबला आणि मध्यरात्र उलटून गेल्यावर १-० असा संपला. त्याचा विक्रम अजून अबाधित आहे. हरेपर्यंत दाढी करावयाची नाही असा एक संकेत खेळाडू पाळतात, आणि रसिकही तो पाळू लागले आहेत. संघाच्या यशात आपल्याही गालांचा काही वाटा असावा, अशी भक्तांची श्रद्धा असते.

आता मूळ खटल्याकडे वळू. पहिला सामना मॉन्ट्रियलने जादा वेळेत ३-२ असा जिंकला. दुसऱ्यात वॉशिंग्टनने जादा वेळेत ६-५, तिसऱ्यात ५-१ आणि चौथ्यात ६-३ अशी मात केली. म्हणजे चार सामन्यांत वॉशिंग्टनचे १९ गोल झाले, मालिका ३-१ अशी झुकली, आणि मॉन्ट्रियलचा गोलरक्षक यारोस्लाव हालाक याला तिसऱ्या सामन्याच्या मध्यातच बाहेर बोलावून चौथा सामना तरुण कॅरी प्राइस याच्या हाती देण्यात आला. त्यानेही काही साधले नाही, तेव्हा पाचव्या सामन्यात हालाक परत आला. आणि तेथून पुढे २-१, ४-१, २-१ असे तीन सामने मॉन्ट्रियलने ओळीने जिंकले. या तीन सामन्यांत वॉशिंग्टनने गोलाच्या चौकटीवर १३४ फटके मारले आणि त्यांपैकी १३१ हालाकने अडविले. एकट्या सहाव्या सामन्यातील बचाव ५३.

या आकड्यांवरून पहिल्या पक्षाचा युक्तिवाद आपोआप तयार होतो. ज्या संघाच्या गोलावर एका सायंकाळी ५४ फटके येतात, त्या संघाला बचाव येतो असे कोणत्या तोंडाने म्हणावयाचे? बचाव उत्तम असता तर फटके आलेच नसते. हालाकने आपल्या सहकाऱ्यांची अब्रू झाकली. उद्या त्याचा हात किंचित उशिरा उठला की सारे उघडे पडेल. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे की, फटके मोजून बचावाची परीक्षा होत नाही, ते कोठून आले हे पाहावे लागते. प्रशिक्षक जाक मार्टिन यांनी वॉशिंग्टनला दूरचे आणि कडेचे फटके हवे तितके मारू दिले, परंतु गोलासमोरची मोक्याची जागा पाच जणांनी वेढून ठेवली, आणि चौकटीपर्यंत पोचण्याआधीच कित्येक फटके गिल, जॉश गॉर्जेस आणि त्यांचे सोबती यांनी आपल्या नडग्यांवर, बरगड्यांवर झेलले. या पक्षाच्या हाती एक पुरावा असा आहे की ज्याची रुजुवात कोणालाही घेता येते. शिक्षेमुळे एका संघाचा खेळाडू दोन मिनिटे बाहेर बसतो, तेव्हा दुसऱ्या संघास चाराविरुद्ध पाच असा जो लाभ मिळतो त्याला पॉवर प्ले म्हणतात. साखळीत वॉशिंग्टनचा पॉवर प्ले सर्व संघांत अव्वल होता, साधारण चार संधींत एक गोल असे त्याचे प्रमाण होते. या मालिकेत त्याला अशा ३३ संधी मिळाल्या, आणि गोल झाला एक.

चौघांनी पाचांना अडवावयाचे तर गोलासमोर चौरस करून उभे राहावयाचे, पक जिकडे जाईल तिकडे तो चौरस झुकवावयाचा पण मोडू द्यावयाचा नाही, आणि पक हाती आला की जीव खाऊन रिंगणाच्या दुसऱ्या टोकास भिरकावून द्यावयाचा. ३३ पैकी ३२ वेळा हे साधणे केवळ गोलरक्षकाच्या बळावर शक्य नाही, असे मला वाटते. पण मला वाटून काय उपयोग? दैववादी रसिक म्हणतील की नाणे ३३ वेळा उडविले तर तेही कधी कधी विचित्रच पडते.

आपल्याकडच्या वाचकाला हा पेच परका वाटू नये. जानेवारी १९६४ मध्ये मद्रासच्या कसोटीत नाशिकच्या बापू नाडकर्णींनी इंग्लंडविरुद्ध ३२ षटकांत २७ निर्धाव टाकून अवघ्या ५ धावा दिल्या, त्यात ओळीने २१ षटके निर्धाव होती, आणि बळी मात्र एकही मिळाला नाही. ती गोलंदाजी थोर होती की फलंदाजच चिकटून बसले होते, यावर मुंबईच्या कट्ट्यांवर पुढे वर्षानुवर्षे पंचायत भरत असे. त्या दिवशी नाडकर्णींचे एकही धाव न दिलेले ओळीचे चेंडू भरले १३१. हालाकच्या तीन सामन्यांतील बचावांचा आकडाही तोच आहे, हा योगायोग कशाचीच सिद्धता करीत नाही. तरी तो नोंदवून ठेवण्याचा मोह आवरला नाही.

बचावाला आकड्यांत पकडण्याचे प्रयत्न काही कमी झालेले नाहीत. सर्वांत जुना हिशेब अधिक-उण्याचा: समसमान खेळाडू असताना आपल्या संघाने गोल केला तर त्या क्षणी बर्फावर असलेल्या प्रत्येकास एक अधिक, गोल खाल्ला तर एक उणे. १९६७-६८ पासून लीग हा हिशेब अधिकृतपणे ठेवू लागली, आणि बॉस्टनच्या बॉबी ऑरने १९७०-७१ मध्ये मिळविलेले अधिक १२४ ही या खात्यातील सर्वांत मोठी शिल्लक आहे. परंतु या जमाखर्चात एक गोम आहे. उत्तम संघातील सुमार खेळाडू अधिकात निघतो आणि सुमार संघातील उत्तम खेळाडू उण्यात. पुढे अंगावर झेललेले फटके मोजण्याची पद्धत आली. तिच्यातील गोम त्याहून मोठी, कारण ज्याच्याकडे पक असतो त्याला फटके झेलावे लागतच नाहीत. ज्याचे झेललेले फटके पुष्कळ, तो बहुतेक वेळ पकाच्या मागे धावत होता, असाही त्याचा अर्थ होतो. मग बफेलोच्या संघाचे गोलरक्षक-प्रशिक्षक जिम कॉर्सी यांच्या नावाने ओळखला जाणारा हिशेब रूढ झाला. चौकटीवर गेलेले, हुकलेले आणि मध्येच अडविलेले असे सारे फटके त्यात धरतात, आणि दोन्ही बाजूंच्या बेरजा ताडून पाहतात. गोलरक्षकाला किती कष्ट पडतात हे कळावे, एवढाच कॉर्सींचा मूळ हेतू होता. पण हौशी गणिती रसिकांनी त्या मापाला पक कोणाच्या ताब्यात अधिक काळ होता याचा दाखला बनविले. या दाखल्याप्रमाणे २०१० चा मॉन्ट्रियल संघ दोषी ठरतो. तो जवळजवळ प्रत्येक सामन्यात फटक्यांच्या हिशेबात मागे होता.

दैववाद्यांना लवकरच आणखी बळ मिळाले. पुढच्या फेरीत मॉन्ट्रियलने गतवर्षीचे विजेते पिट्सबर्ग यांनाही सात सामन्यांत गारद केले, तेव्हा शहरात दिवाळी साजरी झाली. परंतु त्यानंतर फिलाडेल्फियाने त्यांचा ४-१ असा पाडाव केला, आणि त्या पाचांपैकी तीन सामन्यांत मॉन्ट्रियलला एकही गोल करता आला नाही. वसंतातला चमत्कार येथे संपला. जूनमध्ये संघाच्या कारभाऱ्यांनी हालाकला सेंट लुईसकडे धाडले आणि प्राइसला ठेवून घेतले. ज्याच्या जिवावर शहर महिनाभर रस्त्यावर नाचले, त्यालाच निरोपाचा नारळ मिळालेला पाहून निम्मे शहर खवळले. बचावपक्षीयांना मात्र हा निर्णय आपल्याच मताला कारभाऱ्यांनी दिलेला दुजोरा वाटला. गोलरक्षक बदलता येतो, व्यूह हाताशी असला की झाले. प्राइसने २०१५ मध्ये लीगचा सर्वोत्कृष्ट खेळाडू म्हणून हार्ट चषक मिळविला, तेव्हा कारभाऱ्यांवर तुटून पडलेले लोक गप्प झाले. पण या साऱ्या कालखंडात मॉन्ट्रियलचा १९९३ नंतरचा पहिला स्टॅन्ली चषक काही आला नाही, आणि चषक नाही तोवर त्या शहरात कोणताही निकाल अंतिम मानीत नाहीत.

बचावाविषयी रसिकांच्या मनात जो आकस आहे, त्याचा इतिहास मात्र मॉन्ट्रियलहून न्यू जर्सीकडे जातो. आज त्या राज्यात मराठी घरे पुष्कळ आहेत आणि त्यांतील मुले डेव्हिल्स संघाचे लाल अंगरखे घालून हिंडतात. त्यांच्यापैकी कित्येकांना ठाऊक नसेल की, १९९५ मध्ये याच संघाने हॉकी कंटाळवाणी करून टाकली अशी तक्रार उभ्या खंडात झाली होती. मालक आणि खेळाडू यांच्या तंट्यामुळे त्या वर्षीची साखळी ४८ सामन्यांवर आली होती. अंतिम मालिकेत न्यू जर्सीपुढे होता डेट्रॉइट, वर्षभरातील सर्वोत्तम संघ, आणि त्याचे प्रशिक्षक होते स्कॉटी बोमन. न्यू जर्सीचे प्रशिक्षक जाक लमेर हे याच बोमन यांच्या हाताखाली मॉन्ट्रियलमध्ये खेळून चषक जिंकलेले. शिष्याने गुरूला ४-० असे हरविले. गोल १६ विरुद्ध ७.

लमेर यांची युक्ती सापळा या नावाने प्रसिद्ध झाली. प्रतिपक्ष आपल्या इलाख्यातून पक घेऊन निघाला की त्याच्यावर धावून जावयाचे नाही. एकाने तिरके सरकत त्याला कठड्याकडे वळवावयाचे, उरलेल्यांनी मधल्या पट्ट्यात आडवी फळी धरून उभे राहावयाचे. पक तिथे आला की तो हिसकून उलटी चढाई करावयाची. त्या काळी स्वतःच्या निळ्या रेषेपलीकडून थेट मध्यरेषेच्या पुढे पास देण्यास मनाई होती, त्यामुळे ही फळी एका लांब पासाने ओलांडून जाणे शक्यच नव्हते. मधल्या पट्ट्यातून पायी चालत जाणे भाग, आणि तेथे पहारा बसलेला. फळीमागे स्कॉट स्टीव्हन्स हा दणकट बचावपटू असे, आणि त्याच्यामागे मार्टिन ब्रोडर हा गोलरक्षक, जो गोल सोडून मागे जाई आणि पकाला तिसऱ्या बचावपटूप्रमाणे स्वतःच मार्गी लावी. थोड्याच वर्षांत ज्यांच्यापाशी गुणी आक्रमक नाहीत असे सर्व संघ ही युक्ती उचलू लागले, गोलांची संख्या घसरली, आणि बचावाची निंदा करणे हे सुसंस्कृत रसिकाचे लक्षण होऊन बसले.

२००४-०५ चा संपूर्ण हंगाम पगाराच्या तंट्यात वाया गेल्यावर लीगने नव्याने दुकान मांडताना जे नियम बदलले, ते जवळजवळ सारे या सापळ्याविरुद्ध होते. लांब पासावरील मनाई उठली. मधला पट्टा अरुंद करून दोन्ही टोकांचे इलाखे वाढविण्यात आले. गोलरक्षकांच्या गाद्या लहान झाल्या. गोलामागे एक चौकोन आखून त्याबाहेर कोपऱ्यांत पक हाताळण्यास गोलरक्षकास बंदी झाली, आणि हे शेवटचे कलम ब्रोडरला डोळ्यांपुढे ठेवूनच लिहिले आहे असे कोणी म्हटले तर त्याचा प्रतिवाद करणे कठीण. पण बंदोबस्त झाला म्हणून सापळा नाहीसा झाला नाही, त्याने फक्त रूप बदलले. ९ नोव्हेंबर २०११ रोजी टॅम्पा येथे फिलाडेल्फियाच्या बचावपटूंपाशी पक होता. समोर टॅम्पाचे पाच जण एक-तीन-एक अशा रचनेत मधल्या पट्ट्यात उभे होते आणि त्यांच्यापैकी कोणीही पुढे येईना. तेव्हा फिलाडेल्फियानेही ठरविले की, तुम्ही येत नाही तर आम्हीही येत नाही. क्रिस प्राँगर आपल्या गोलाजवळ पक काठीला लावून नुसता उभा राहिला. दोन्ही बाजूंचे दहा खेळाडू, शर्यतीच्या घोड्यासारखा पगार घेणारे, एकमेकांकडे पाहत बर्फावर स्थिर उभे आहेत, प्रेक्षक हुर्यो उडवीत आहेत, आणि पंचांना शेवटी शिटी वाजवून खेळ नव्याने सुरू करावा लागला. एका शहराचे रसिक म्हणाले की भ्याडपणा टॅम्पाने केला, दुसऱ्या शहराचे म्हणाले फिलाडेल्फियाने. लीगने त्यावर नवा नियम काही केला नाही.

आणि तरीही बचावावर निस्सीम प्रेम करणारा रसिकवर्ग नेहमीच होता, विशेषतः वॉशिंग्टनमध्येच होता, ही या कथेतील गमतीची गोष्ट. १९८२ साली मॉन्ट्रियलकडून वॉशिंग्टनला आलेला रॉड लँगवे हा बचावपटू पहिल्या हंगामात अवघे ३ गोल करू शकला. त्याच वेळी एडमंटनचा पॉल कॉफी बचावपटू असून आक्रमकांनाही लाजविणारे गुण मिळवीत होता. सर्वोत्कृष्ट बचावपटूचा नॉरिस चषक १९८३ आणि १९८४ अशी दोन वर्षे मात्र लँगवेलाच देण्यात आला. राजधानीच्या शहरास शोभेल अशी संरक्षणमंत्री ही पदवी लोकांनी त्याला बहाल केली. बचावपटूने बचाव करावा की गोल करावेत, हा तंटा त्या निवडीपासून आजतागायत नॉरिस चषकाच्या प्रत्येक निवडीत पुन्हा उकरला जातो.

२०१० च्या पराभवानंतर वॉशिंग्टनचे प्रशिक्षक ब्रूस बूड्रो यांनी पुढच्या डिसेंबरात, ओळीने आठ पराभव झाल्यावर, आक्रमणाचा रथ थांबवून बचावाची कास धरली. संघाचे गोल एका हंगामात सुमारे ९० नी घटले, खाल्लेले गोलही घटले, साखळीत पूर्व विभागातील पहिले स्थान टिकले, आणि बाद फेरीच्या दुसऱ्या मालिकेत टॅम्पाने त्यांना ४-० असे पिटाळले. मॉन्ट्रियलकडून हरलो तेव्हा बचाव नव्हता म्हणून, आता हरलो ते बचाव केला म्हणून, असे म्हणण्याची पाळी तेथील रसिकांवर आली. त्यांच्याविषयी मला खरोखर सहानुभूती वाटते.

पुढे २०१८ साली बॅरी ट्रॉट्झ यांच्या प्रशिक्षणाखाली याच संघाने चषक जिंकला. उपान्त्य मालिकेत टॅम्पा ३-२ असा पुढे असताना वॉशिंग्टनने शेवटचे दोन सामने ३-० आणि ४-० असे घेतले. गोलांचा पाऊस पाडणाऱ्या संघाने निर्वाणीच्या वेळी प्रतिपक्षाला दोन्ही दिवस कोरडे ठेवले, आणि ओवेच्किन स्वतः फटक्यांसमोर अंग टाकताना दिसला. पण वेतनाच्या करारावरून बिनसले आणि चषक जिंकल्यावर दोन आठवडे होण्याच्या आत ट्रॉट्झ पदमुक्त होऊन न्यूयॉर्क आयलंडर्सकडे गेले. तो संघ नुकताच लीगमध्ये सर्वांत जास्त गोल खाऊन बसला होता, आणि त्या उन्हाळ्यात त्याचा सर्वोत्तम आक्रमक जॉन टॅव्हारेस टोरांटोला निघून गेला. बचावफळीतील माणसे बहुतांशी तीच राहिली. पुढील हंगामाअखेर आयलंडर्सने खाल्लेल्या गोलांत जवळजवळ शंभरांची घट झाली होती, आणि तो लीगमध्ये सर्वांत कमी गोल खाणारा संघ ठरला होता.

व्यूहवाद्यांना याहून मोठा दस्तऐवज कोणता हवा? पण तोही निर्विवाद मानला गेला नाही, कारण त्याच वर्षी आयलंडर्सने रॉबिन लेनर हा नवा गोलरक्षक आणला होता आणि तोही वर्षाच्या अत्युत्तम गोलरक्षकांत गणला गेला; श्रेय कोणाचे, हा प्रश्न पुन्हा पहिल्या पायरीवर. एप्रिल २०१९ मध्ये आयलंडर्सने पिट्सबर्गला ४-० असे धुऊन काढले तेव्हा लाँग आयलंडवर बचावाचा जयघोष चालला होता. पुढच्या मालिकेत कॅरोलायनाने त्यांना तशाच ४-० फरकाने हरविले. त्या चार सामन्यांत आयलंडर्सचे गोल झाले एकंदर ५, आणि आठवडा लोटण्याआधी तेच रसिक कारभाऱ्यांकडे एखादा गोल करणारा माणूस आणा म्हणून अर्ज करू लागले.